पिंजारगल्लीतली वंशावळ

कुर्डूवाडीहून लातूरला जाणाऱ्या छोट्या गाडीत निजामाच्या हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, कारकून चढला. त्याने सौदामिनीची ट्रंक उघडायला लावली. लुगड्यांखाली छापील कागदांचा गठ्ठा निघाला.

"हे काय?"

"प्रश्न आहेत," सौदामिनी म्हणाली. "पिंजाऱ्यांना विचारायचे."

कारकुनाने दोन पानं चाळली. मराठी त्याला वाचता येत नसावी. "पिंजाऱ्यांना सवाल विचारायला पुण्याहून आलात?" असं म्हणून त्याने ट्रंक बंद केली आणि जाताना मान हलवली.

ते १९३७ सालचे एप्रिलचे दिवस होते. सौदामिनी तेवीस वर्षांची, घर पुण्याला, मुंबईला एम.ए. करणारी. तिच्या प्राध्यापकांनी वर्गातल्या प्रत्येकाला एकेक जमात नेमून दिली होती. कुणाला कोळी मिळाले, कुणाला वडार. सौदामिनीचे मामा दत्तोपंत लातूरला वकिली करत, म्हणून तिच्या वाट्याला मोगलाईतले, म्हणजे निजामाच्या मुलखातले, मुसलमान पिंजारी आले. बायकांशी बाईच बोलू शकेल, असंही प्राध्यापक म्हणाले होते. घरोघरची वंशावळ, लग्नाच्या रीती, सणवार, सगळं लिहून आणायचं होतं.

पुण्यापासून एका दिवसाचा प्रवास, पण मुलूख परका होता. स्टेशनावरच्या पाट्या उर्दूत, नाणं वेगळं, कचेरीतलं साल वेगळं. पोहोचल्याच्या तिसऱ्या दिवशी पोलिसांचा अमीन मामांकडे चौकशीला येऊन गेला. भाची फक्त लग्नकार्याच्या चालीरीती विचारणार, सभा वगैरे घेणार नाही, असं मामांनी लिहून दिलं.

पहिला आठवडा वायाच गेला. पिंजारगल्लीत सौदामिनी गेली की बायका आत जात, दारात बकऱ्या तेवढ्या उरत. उन्हाळा म्हणजे गाद्या भरायचे दिवस. घराघरांतून पिंजणाच्या ताणलेल्या दोरीचा, तातीचा, आवाज आणि हवेत कापसाची कुसं. त्या कुसांनी सौदामिनीला इतका खोकला झाला की एका म्हाताऱ्या बाईला राहवलं नाही. तिने हाताला धरून तिला घरात नेलं आणि गुळाचा खडा हातावर ठेवला.

ही मदारबी. साठीची, हाडापेराने मोठी, नवऱ्यामागे तीस वर्षं स्वतः पिंजण चालवलेली. गल्लीतल्या बायका तिचं ऐकत. मदारबीच्या घरी कागद उघडला गेला तसा तो पुढं सगळ्याच घरांत उघडला गेला. सौदामिनी तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागली. मे उजाडेपर्यंत सोळा घरांच्या वंशावळी लिहून झाल्या. मदारबीची स्वतःची मात्र राहिली होती. आज नको, उद्या बघू, असं ती म्हणायची.

मग एका दुपारी रुई निवडता निवडता तिने आपणहून विषय काढला.

"लिही. पण ही गोष्ट गल्लीत कुणाला ठावं न्हाई. माझी दौलत माझ्या पोटची न्हाई."

मोठ्या दुष्काळात, म्हणजे सदतीस वर्षांमागं, मदारबी औशाकडे तळ्याच्या कामावर माती वाहत होती. तिचं तान्हं मूल नुकतंच गेलं होतं. शेजारी एक कुणब्याची बाई असायची, जवळच्याच खेड्यातली, पदराला दोन लेकरं. एका सकाळी त्या बाईने पाच वर्षांच्या मुलीचा हात मदारबीच्या हातात दिला आणि म्हणाली, हिला खायला घाल, माझ्यानं दोन जगत न्हाईत. पोराला काखोटीला मारून ती गेली ती पुन्हा कामावर आली नाही. मदारबीने आठ दिवस वाट पाहिली. मग पोरीला घेऊन ती लातूरला राहायला आली. तिचं नाव दौलतबी ठेवलं, वाढवली, नांदेडच्या पिंजाऱ्याला दिली. आता दौलतबीला नातू होता.

सौदामिनीने सगळं लिहून घेतलं. खेड्याचं नाव लिहिलं, बापाचं नाव लिहिलं. मदारबीला दोन्ही पाठ होती.

तिने ते लिहून ठेवलं आणि तिथंच थांबायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी मामांकडे बापूसाहेब जेवायला होते. बापूसाहेब म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, आडतीचा धंदा, चार संस्थांवर नाव. त्यांनी थट्टेने विचारलं, "काय, पिंजाऱ्यांकडून काही ज्ञान मिळालं का आमच्या पंडिताबाईंना?" सौदामिनीला ते लागलं. आपलं काम पोरखेळ नाही हे दाखवायच्या भरात तिने दौलतबीची हकीकत सांगितली. माणसांची नावं गाळली, पण खेड्याचं नाव तोंडातून गेलं. बापूसाहेबांचा हात ताटातच थांबला. त्या गावचे कुणबी त्यांच्याच आडतीवर माल आणत.

पाचव्या दिवशी मामांच्या ओसरीवर बापूसाहेबांबरोबर चाळिशीचा एक शेतकरी येऊन बसला होता. डोक्याला पटका, पायांतल्या वहाणा काढून हातात धरलेल्या.

"हे हणमंतराव," बापूसाहेब म्हणाले. "यांची बहीण तारामती दुष्काळात गेली. पटकीनं गेली असं घरचे सांगत. आता बोला. आपण दरखास्त तयार करू, बाई परत धर्मात येईल, सगळ्या तालुक्यात गाजेल."

हणमंतरावांनी दरखास्तीकडे लक्षच दिलं नाही. ते सौदामिनीकडे बघून म्हणाले, "बाईसाहेब, आय सांगायची तसा तिच्या उजव्या कोपराला भाजल्याचा डाग हाय का?"

सौदामिनीने दौलतबीला अजून पाहिलंही नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मला आठ दिवस द्या. मी तिला विचारते. तिची इच्छा असेल तर तुम्हाला कळवते. तोवर तिचा ठावठिकाणा मी सांगणार नाही."

"विचारायचं काय त्यात?" बापूसाहेब तडकले. दत्तोपंत मामा एरवी बापूसाहेबांपुढे बोलत नसत. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "माहिती पोरीनं आणली आहे, बापूसाहेब. तिला आठ दिवस देऊ."

सौदामिनी तशीच उठून पिंजारगल्लीत गेली आणि मदारबीला तिने सगळं सांगून टाकलं. मदारबीने हातातली रुई खाली ठेवली.

"तू लिहिणार म्हणून मी सांगितलं, बेटी. बोलणार म्हणून न्हाई."

"चुकलं माझं, खाला."

"चुकलंच. आता नांदेडला जा. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिच्या कानावर जाऊ नये. आन् परत इकडं येऊ नको."

तरण्या पोरीला एकटीला मोटारीने कोण सोडणार? प्रेमला मामीने गंगास्नानाचं निमित्त काढलं. तिची बहीण नांदेडला दिलेली होती. अहमदपूर, लोहा करत मोटार दिवसभर धुळीतून गेली. मामी वाटेत एकदाच बोलली : "तुझ्या जागी मी असते तर मीही बोलून गेले असते गं. जेवताना माणसाची जीभ सैल सुटते." सौदामिनीला त्याने बरं वाटलं नाही.

दौलतबीचं घर गोदावरीच्या घाटापासून जवळच होतं. अंगणात उसवलेल्या गाद्या उन्हात पडलेल्या. दौलतबी उंच, सावळी, कामाच्या सपाट्याची. तिने दोघींना बसायला बाज टाकली. सौदामिनी बोलत असताना ती जुन्या कापसातल्या गाठी फोडत राहिली. तिचं बोलणं संपल्यावर दौलतबीने बाही वर केली. कोपरावर डाग होता.

"चुलीवर पडले होते. मला सगळं ध्यानात हाय. अम्मीला वाटतं मी इसरले. माझ्या आयनं माझा हात अम्मीच्या हातात दिला, भावाला उचललं आन् गेली. मागं वळून बघितलं न्हाई. मी बघून राहिले होते, ती वळंल म्हणून."

मग दौलतबीने विचारलं, "त्याला काय पायजे?"

"भेटायचंय असं वाटतं. न्यायचं दुसऱ्यांच्या मनात आहे."

"भाऊ म्हणून येत आसल तर येऊ दे. एकट्यानं. दिवसा. न्यायला येत आसल तर माझा नवरा हाय, लेक हाय, दारातनंच परत लावतील. आन् तू हजर ऱ्हा. तूच आणलंस हे."

सौदामिनीने मामांना पत्र टाकलं आणि हणमंतरावांना बापूसाहेबांना न सांगता पाठवा, असं त्यात स्पष्ट लिहिलं. सहाव्या दिवशी ते आले. बरोबर ज्वारीच्या लाह्यांचं गाठोडं होतं. रस्त्यात चारदा पत्ता विचारावा लागला म्हणाले. दारात उभे राहून ते बहिणीकडे बघत राहिले. दौलतबीने पदर डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "भाऊ, उन्हात का हुबा? ये आत."

ते बाजेवर बसले. नवरा आणि मुलगा दुकानातून येऊन रामराम करून पुन्हा कामाला गेले. दौलतबीने त्यांना मुद्दामच पाठवलं असावं. बोलणं पावसापाण्यावर, शेतीवर गेलं. विहीर पाडली का, आंब्याचं झाड हाय का अजून. झाड वठलं होतं. मग हणमंतराव एकदम म्हणाले,

"आय मरंपर्यंत तुझं नाव काढायची. बापानं सांगितलं हुतं, पटकीनं गेली. त्यावर आय काही बोलायची न्हाई, नुसती रडायची. मला आता असं वाटून राहिलंय की तिला ठावं हुतं. तिनंच तुला…" त्यांनी बहिणीकडे पाहिलं. "ताराक्का, खरं सांग. तिनं टाकली का तुला?"

सौदामिनी दाराशी बसली होती. हे उत्तर तिच्या ट्रंकेत शाईने लिहिलेलं होतं. या अंगणातही तिने ते ऐकलं होतं.

दौलतबी म्हणाली, "न्हाई रे. लई गर्दी हुती कामावर. मुकादमानं लोकं हाकलली, त्यात तिचा हात सुटला. मीच रडत दुसरीकडं गेले. अम्मीनं उचललं. आय हुडकत आसल, मी दुसऱ्या तांड्यात गेले हुते."

हणमंतरावांनी पटक्याच्या शेवाने तोंड झाकलं. मग त्यांनी पाणी मागितलं. दौलतबी क्षणभर घोटाळली. "शेजारच्या भटाघरनं आणू का?" तिने विचारलं. "तुझ्या घरात न्हाई का?" असं म्हणत त्यांनी तांब्या घेतला आणि पाणी प्यायले. जेवायला मात्र थांबले नाहीत. तेवढं त्यांच्याच्यानं झालं नाही, आणि दौलतबीनेही आग्रह केला नाही.

ते गेल्यावर सौदामिनीने विचारलं, "तुम्ही त्यांना खरं का नाही सांगितलं?"

दौलतबी लाह्यांचं गाठोडं सोडत होती. "आयनं एकालाच उचललं. त्यो जगला. आता या वयात त्याला ते सांगून काय करू? रोज जेवताना घास अडकंल त्याच्या." तिने मूठभर लाह्या मामीपुढे धरल्या, मूठभर सौदामिनीपुढे. "तू काय लिहिणार ते तुझं तू बघ."

लातूरला परतल्यावर कळलं की हणमंतरावांनी दरखास्तीवर अंगठा द्यायला नकार दिला होता. बापूसाहेब महिनाभर दत्तोपंतांशी बोलले नाहीत आणि त्यांची दोन कामं त्यांनी दुसऱ्या वकिलाकडे दिली. पिंजारगल्लीत सौदामिनी एकदाच गेली. मदारबीचं दार उघडं होतं, पण ती पाठ फिरवून पिंजत राहिली. सौदामिनीने उंबऱ्याबाहेरूनच भेटीची हकीकत सांगितली, मुलीने भावाला काय सांगितलं तेही. पिंजणाचा आवाज थोडा थांबला आणि परत सुरू झाला. बाकीच्या घरांनीही मग तिला बसायला सांगितलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती पुण्याला परतली. प्रबंध सोळा घरांवरच झाला; मदारबीची वंशावळ तिने त्यात घातली नाही. एवढ्याशा सामग्रीवर निष्कर्ष काढता येत नाहीत, असा प्राध्यापकांनी शेरा दिला, आणि ते बरोबर होतं. तिला दुसरा वर्ग मिळाला.

पुढच्या वर्षी मामीचं पत्र आलं. दौलतबीच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं होतं. हणमंतराव बैलगाडी जोडून नांदेडपर्यंत गेले होते, तीन दिवस लागले. मामाचा आहेर म्हणून त्यांनी नवरीला हिरवं लुगडं नेलं होतं, आणि मदारबीलाही एक. लग्नात ते जेवले की नाही, ते मामीला कळलं नव्हतं.