देवाच्या घोंगडीचा काठ

रझाकारांच्या धामधुमीत दोन वर्षं बिरोबाला घोंगडी गेली नव्हती. यंदा जाणार होती, आणि तिचा काठ नेहमीसारखा कासाबाईच्या हातचा नव्हता.

ती मेंढरांमागं रानात होती, तेवढ्यात सासूनं, भिवराबाईनं, सुई कासाबाईच्या धाकट्या जावेच्या, बानूच्या हातात दिली. काळ्या घोंगडीला पांढऱ्या लोकरीचा नागमोडी टाका घालायचा, ही घरची रीत. बानूनं मात्र चारठाण्याच्या देवळाच्या खांबावरची वेल काढली. मांडीवर लेकरू पीत होतं, सुई चालली होती आणि बाया वाकवाकून बघत होत्या.

"लय नाजूक हात गं पोरीचा!"

"असंल की. मेंढ्या राखायला मी हाय न्हवं," मेंढरं घेऊन परतलेली कासाबाई म्हणाली.

"कासे, लोकर तू निवडलीस," भिवराबाईनं दरसालचं विचारलं. "समदी जित्या मेंढीची हाय ना?" मेलेल्या मेंढीची लोकर देवाला चालत नसे.

कासाबाईच्या डोळ्यांपुढं कातरताना लाथा झाडणारी पांढरी मेंढी आली.

"पांढरी मेलीची आली वाटतं," ती म्हणाली.

"उसव मग," सासू बानूला म्हणाली.

बानूनं लेकरू दुसऱ्या अंगाला घेतलं आणि उसवू लागली. कासाबाई जवळ सरकली. गेल्या काही रात्री फाटक्या घोंगडीवर तिनं ही वेल चोरून काढून पाहिली होती. पण वळणावर तिचा टाका आवळून बसायचा. आता दिसलं, बानू तिथं दोरा खालून एकदा पिळत होती. एवढंच! पोरानं सुटलेला दोरा मुठीत धरला. बानूनं त्याचं एकेक बोट हळूच सोडवलं, दोरा तुटू दिला नाही.

"थांब," कासाबाई म्हणाली. "जितीची हाय. मीच धरली होती तिला."

भिवराबाईनं कपाळाला हात लावला. "देवाच्या कामात खोटं बोललीस?"

"बोलले. माझा काठ बघाया कोण वाकलं होतं कधी?"

बाया इकडंतिकडं बघू लागल्या. बानूनं सुई पुढं केली.

"उसवलेला कोपरा तुमी घाला, आक्का."

"तुझी वेल न्हाई घालायची मी."

"नका घालू."

कासाबाई नागमोडी टाका घालत गेली. वळणाशी बोटांनी दोरा खालून पिळला आणि टाका पानासारखा फुलला.

बानूला हसू आलं.

"हसू नगंस. सुई तुझी हाय, तीच तिकडं ओढायली."