लावणं म्हणजे चालवणं नव्हे

आधीच सांगून ठेवते, मी भांडकुदळ बाई नाही. सहा वर्षं दारू प्यालेल्या माणसांचं ऐकून घेतेय. कुणी गाणं म्हणतं, कुणी रडतं, एकानं तर मला त्याची आई समजून वीस मिनिटं माफी मागितली. मी आपली "हो साहेब, बरं साहेब" करते आणि रस्त्यावर नजर ठेवते. बदली ड्रायव्हर आहे मी. ज्यानं घेतलीय तो फोन करतो, मी जाते, त्याचीच गाडी चालवून त्याला आणि गाडीला दोघांनाही घरी पोचवते. इथं कोरियात, आमच्या जॉन्जू शहरात माझ्यासारखे ढीगभर आहेत. चोरी नाही, चपाटी नाही. पण माझ्या पोरीला त्याची लाज.

"आई, विचारलंच तर वाहतुकीच्या व्यवसायात आहे म्हण," बोराम म्हणाली.

"म्हणजे विमान उडवते म्हणू?"

"आई, प्लीज! तेगॉनचे वडील हेडमास्तर होते. त्यांना माणसं जोखायची सवय आहे. एक दिवस सांभाळ."

एक दिवस. नवरा गेल्याला नऊ वर्षं झाली, एकुलती एक पोर, आणि तिचा होणारा नवरा तेगॉन खरंच गुणी. दोन्ही घरच्यांची पहिली भेट म्हणजे आमच्याकडे लग्नापेक्षा अवघड प्रकरण. तिथं एखादा शब्द वाकडा गेला की हॉलचं बुकिंग रद्द. बोरामनं मला मोतिया रंगाचं जाकीट घेतलं, टाचांचे बूट घेतले. मी आरशात बघितलं तर कुणीतरी दुसरीच बाई उभी. म्हटलं, चला, एक दिवस हीच जाऊ दे.

रविवारी दुपारी जेवण. वेगळी खोली, टेबलावर तीसएक वाट्या. प्यो हेडसर ताठ, पांढरे केस, आवाज असा की शेवटच्या बाकावरचं पोरगंही उठून उभं राहावं. मी काय करते विचारलं, तेव्हा पढवल्याप्रमाणे 'वाहतुकीच्या व्यवसायात' म्हणून टाकलं. त्यांची बायको जेवणभर चार वाक्यंसुद्धा बोलली नाही. नवऱ्याच्या ताटात माशाचे काटे काढलेले तुकडे ठेवत होती.

हेडसरांनी तांदळाच्या दारूची किटली मागवली. तेगॉनला ओतली, त्यानं रिवाजाप्रमाणे तोंड फिरवून घेतली. मला ओतायला लागले. मुलाकडच्यांनी ओतलं की मुलीकडच्यांनी नको म्हणायचं नसतं. मी दोन्ही हातांनी पेला पुढं केला आणि म्हटलं, "औषध चालू आहे हो, ओठाला लावते फक्त." बाकीची सगळी त्यांनीच संपवली. आणखी एक किटली आली. तीही त्यांनीच.

"मी मात्र एक नियम पाळतो, विहीणबाई," ते म्हणाले. "एक घोट घेतला तरी बदली ड्रायव्हर बोलावतो. पस्तीस वर्षांत एक पावती नाही. कायदा म्हणजे कायदा."

खोटं कशाला बोलू, मला माणूस आवडला. मनात म्हटलं, पोरगी चांगल्या घरात पडली.

"ती माणसंही बरी असतात हो," हेडसर पुढं म्हणाले. "बिचारी. आयुष्यात दुसरं काही जमलेलं नसतं त्यांना."

बोरामच्या जेवायच्या काड्या वाटीत थांबल्या. मी मुळ्याचा मोठ्ठा तुकडा तोंडात कोंबला आणि चावत बसले. तोंड भरलेलं बरं.

जेवणानंतर पोरांचा भाड्यानं घेतलेला फ्लॅट बघायला जायचं ठरलं. बदली ड्रायव्हर आला तर कोण? हाम इक्सू! आमच्यातलाच, आम्ही त्याला हाम-भाऊ म्हणतो. मला बघून त्याचं तोंड उघडलं. मी डोळे वटारले. त्यानं ते मिटलं, पण गाडी चालवताना आरशातून मिशीत हसत होता मेला. पुढं हेडसर, मागं आम्ही तिघी. तेगॉनला जागा नव्हती, तो बसनं निघाला. हाम-भाऊ गाडी सावकाशच चालवतो, तरी विहीणबाईंनी, म्हणजे हेडसरांच्या बायकोनं, खिडकीवरचा दांडा घट्ट धरलेला. बोटं पांढरी पडली होती. मी म्हटलं, "गाडी लागते का हो तुम्हाला?"

"नाही. सवय आहे," त्या म्हणाल्या.

सोसायटीत शिरलो. तळघरातल्या पार्किंगचा उतार अरुंद, मध्ये वळण. हाम-भाऊ गाडी आत घालणार तेवढ्यात हेडसर म्हणाले, "बस, बस. इथंच थांबव. पुढचं मी बघतो. नवी गाडी आहे, खांबाला घासायची."

"साहेब, खाली लावून देतो ना."

"अरे वीस पावलं तर आहेत. आणि लावणं म्हणजे काही चालवणं नव्हे."

हेच. हेच शब्द.

हाम-भाऊचा फोन किणकिणला, पुढचं गिऱ्हाईक. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. त्याला सगळं ठाऊक आहे. तरी त्यानं नजर खाली घातली, किल्ली आमच्या रीतीप्रमाणे दोन सीटांमधल्या पेल्याच्या खाचेत ठेवली, बटणाची गाडी म्हणून इंजिन चालूच सोडलं, वाकून नमस्कार केला आणि चालता झाला. मी त्याला काय शिव्या देऊ? तीन वर्षांपूर्वी मीही अशीच चालती झाले होते.

तेव्हाही असाच उतार होता. गिऱ्हाईक म्हणालं, बस झालं, इथंच थांबव, माझंच घर आहे, लावतो मी. माझा फोन किणकिणला. मी म्हटलं, बरं साहेब. फाटकापर्यंतही पोचले नव्हते तोवर आवाज आला. तिथले वॉचमन यॉम-काका उताराच्या पायथ्याशी पुठ्ठे बांधत बसले होते. पोलिसांनी टेप लावून मोजलं, मी उतरले तिथपासून एकोणीस मीटर. आणि तो माणूस पोलिसांना काय सांगत होता? "मी चालवली नाही हो, लावत होतो फक्त." यॉम-काका अकरा दिवस जगले. मला कुणी बोल लावला नाही. कायद्यानं माझा दोष नाही म्हणे. कायदा गेला खड्ड्यात! किल्ली कुणाच्या हातून गेली ते मला माहीत आहे.

"चला, तुम्ही बायका वर व्हा," आम्ही उतरताच हेडसर चाकामागं बसत म्हणाले. "मी आलोच."

बोराम लिफ्टकडं वळली. विहीणबाई तिथंच गाडीपाशी उभ्या राहिल्या. मी टाचांच्या बुटांतून टक टक करत गेले आणि उताराच्या तोंडाशी मधोमध उभी राहिले.

"विहीणबाई, बाजूला व्हा."

"सर, तुम्ही उतरा. गाडी दुसरं कुणीतरी लावेल."

"दुसरं कोण? पस्तीस वर्षं चालवतोय मी! वीस पावलांसाठी काय सोहळा करायचा?"

"पंधरा किलोमीटर दुसऱ्याच्या हाती दिलीत ना गाडी? मग वीस पावलांनी काय घोडं मारलंय?"

"आई," बोराम दबक्या आवाजात म्हणाली. "आई, बाजूला हो ना. झालंच असतं एव्हाना." तिचे डोळे भरले होते. तिचं सगळं त्या उतारावर उभं होतं, मला काय कळत नव्हतं? मी एक पाऊल उचललंसुद्धा.

आणि तेव्हा त्या माणसानं हॉर्न वाजवला. मुलीच्या आईला! रस्त्यातल्या गाईला वाजवावा तसा, लांबलचक. विहीणबाई दचकल्या आणि त्यांचा हात आपोआप वर गेला, दांडा धरायला. गाडीच्या बाहेर उभ्या होत्या बाई, वर धरायला काही नव्हतं.

संपलं. माझं डोकं सणकलं. बूट तिथंच काढून टाकले, तरातरा गेले, दार उघडलं, हेडसरांच्या अंगावरून हात घालून बटण दाबलं. इंजिन बंद. खाचेतली किल्ली उचलली. कुठं असते ते मला सांगायला नको.

"काय करताय तुम्ही? शुद्धीवर आहात का?"

"इथं शुद्धीवर मीच आहे! तुम्हाला गाडी लावूनच हवी ना? मी लावते. रोज लावते. सहा वर्षं लावते. बदली ड्रायव्हर आहे मी. ज्यांना आयुष्यात दुसरं काही जमलं नाही ना, त्यातलीच. उतरा!"

हेडसरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. ते उतरले. दाराला धरून उतरले, हे मी बघितलं, त्यांनाही कळलं मी बघितलंय ते. मी अनवाणीच बसले आणि गाडी खाली नेली. वळण घेतलं, दोन खांबांच्या मध्ये एका दमात मागं घातली, दोन्हीकडं वीतभर जागा.

उतार रिकामा होता. खाली कुणी नव्हतं. वॉचमन नाही, पोर नाही, एक चिटपाखरू नाही. वर आले तर हेडसर ओरडतच होते, "बघा! कोण मेलं? काय झालं असतं?"

काहीच झालं नसतं, खरंय. रोज हजार उतार रिकामे असतात, म्हणूनच तर या लोकांची हिंमत होते.

"ड्रायव्हरची मुलगी," ते म्हणाले. "आणि वर खोटं बोललात. आमच्याकडं असलं चालत नाही." बायकोला "चल" म्हणाले आणि फाटकाकडं निघाले. रागानं का होईना, टॅक्सीनं गेले. तेवढंच माझ्या पदरात पडलं.

घरी बोरामनं जाकीट माझ्या अंगावरून अक्षरशः ओढून काढलं. "दोन मिनिटं, आई! दोन मिनिटं गप्प बसता आलं नसतं तुला?"

"तीन वर्षांपूर्वी बसले होते गप्प," मी म्हटलं. मग तिला यॉम-काकांचं सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. ती जाकिटाची घडी घालत राहिली. उलगडली, परत घातली. मग खोलीत गेली.

हेडसरांचा निरोप आला: विहीणबाईंनी येऊन माफी मागावी, मग बघू. तेगॉन बिचारा माझ्याकडून किल्ली नेऊन गाडी घरी पोचवून आला, दोन्हीकडं फोन करून थकला. मी म्हटलं, खोटं बोलले त्याची माफी हजारदा मागते, वाकून मागते. किल्लीची मागणार नाही. बोराम माझ्याशी बोलेना. पण कामाच्या जागी कुणीतरी विचारलं तेव्हा ती म्हणाली, माझी आई बदली ड्रायव्हर आहे. हे मला तेगॉनकडून कळलं.

अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी दुपारी मी भाजी निवडत होते, अनोळखी नंबरावरून फोन आला.

"विहीणबाई?" इतका हळू आवाज की मी ओळखलाच नाही. मागं बायाबापड्यांचा गलका, कुणीतरी ढोल बडवत होतं. "मी प्यो यांच्या घरून. म्हणजे घरून नाही, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचं स्नेहसंमेलन आहे, नदीकाठी. ते प्यायलेत. फार नाही म्हणतात, गावातलाच रस्ता आहे म्हणतात. इथं ड्रायव्हर यायला तयार नाहीत, लांब पडतं."

"आणि किल्ली?"

"माझ्या मुठीत आहे." तिचा श्वास ऐकू येत होता. "तेहेतीस वर्षं तो वरचा दांडा धरला हो मी. आज किल्ली धरलीय. ते मागतायत, सगळ्यांदेखत ओरडतायत. मी देत नाहीये. पण किती वेळ धरून ठेवू? तुम्ही... तू येशील का गं?"

दारात बोराम उभी होती. तिनं फोनमधलं ऐकलं होतं की माझा चेहरा बघितला होता, देव जाणे. तिनं माझ्या नेहमीच्या सपाट चपला उचलून माझ्या पायाशी ठेवल्या आणि स्वतःच्या घालायला लागली.

"आलेच मी," मी फोनमध्ये ओरडले. "पोरीला घेऊन येते. चाळीस मिनिटं लागतील. तोवर मूठ उघडू नकोस, विहीणबाई. अगदी गाडीपाशी उभं राहून लावतो म्हणाले, तरी उघडू नकोस!"