ओलाव्याचा आवाज

ममताने स्क्रीनवरच्या सर्किटला आणखी थोडा व्होल्टेज दिला. खालच्या आलेखातले करवतीचे दाते एकमेकांच्या जवळ सरकले. मग तिने कपॅसिटरला समांतर एक रोध जोडला, जुना कपॅसिटर आतून गळतो तसा, आणि पुन्हा चालवून पाहिले. दाते विरळ झाले.

"झालं नाई काय तुहं?" मागे भिंतीला टेकून तिची आई कांताबाई लसूण सोलत होती. "लाईन जाईन आता."

"जाऊ दे. सेव्ह केलं मी."

"गेल्या मानसाची मशीन कायले उकरून राह्यली वं?"

की-बोर्डच्या बाजूला बाबांनी बनवलेला डबा उघडा पडला होता. आतली पट्टी, हाताने सोल्डरचे डाग दिलेली. डाग सगळे गोल आणि चकचकीत होते. बाबा, पंजाबराव, डाग देताना श्वास धरून ठेवत.

नेरला त्यांचे रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते, आणि कांताबाई पाहायची ते थोडे कापसाचे वावर. कापूस बाजारात न्यायचा तर गाठ व्यापारी रामलाल शेठशी. तो गाडीत कोपरापर्यंत हात घाली, पुंजका ओढून काढी, त्यातली सरकी दाताखाली धरून फोडी. कोरडी सरकी कट्‌ वाजते, ओली नुसती दबते. पण तो आवाज रामलालच्या तोंडातच व्हायचा. "ओला आहे," तो म्हणायचा आणि वजनात घट लावायचा. तोंडात काय वाजले ते दुसरे कोण सांगणार?

पंजाबरावांचा डबा तीच गोष्ट सगळ्यांना ऐकू येईल अशी करत होता. दोन पितळी सुया कापसात खुपसायच्या. ओलावा जास्त तर व्होल्टेज जास्त, आणि व्होल्टेज जास्त तर कपॅसिटर लवकर भरायचा. भरला की एकदम रिकामा व्हायचा आणि स्पीकरमधून टक्‌ असा आवाज निघायचा. की पुन्हा भरायला सुरुवात. नळाखाली बादली भरावी, उपडी करावी, पुन्हा लावावी, तसे. नळ मोठा सोडला की बादल्या भराभर. कोरड्या कापसात डबा सावकाश टकटक करी. ओल्यात त्या टकटकीची किंकाळी व्हायची.

दिवाळीनंतर त्यांनी तो भर बाजारात नेला. लबाडी वाटू नये म्हणून पहिल्या सुया स्वतःच्याच गाडीत खुपसल्या. डबा किंचाळला. रामलालने त्यातलीच सरकी फोडली, "ओला आहे," म्हणाला आणि पोट धरून हसला, त्याच्यामागे बाकीचे. पंजाबराव क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, "मशीन बिघडली." त्यानंतर दुकानावर लोक विचारू लागले, "पंजाबराव, टीव्ही टाकू काय दुरुस्तीले? वरडनार तं नाई ना?" डब्याला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. पौषात छातीत कळ आली आणि ते गेले.

ममता यवतमाळला पॉलिटेक्निकमध्ये शिकवायची. आईला आपल्या खोलीवर आणताना तिने डबाही आणला. रडणे तिला जमले नव्हते. बिघाड शोधणे जमणार होते. तो काढायचा आणि डबा त्याच बाजारात, त्याच माणसांसमोर पुन्हा चालवायचा, एवढेच तिने ठरवले होते.

पण बिघाड सापडत नव्हता. पट्टीवरचा प्रत्येक भाग तिने मीटरने मोजला, सगळे बरोबर. मग स्क्रीनवर एकेक भाग मुद्दाम बिघडवला. गळका कपॅसिटर घातला, रिकामा व्हायला वेळ लावणारा ट्रान्झिस्टर घातला, सुयांवर गंज धरला. दर वेळी दाते विरळच होत गेले, म्हणजे टकटक मंदच.

तिने मूळ सर्किट परत आणले, बाबांनी बांधले होते तसे, ओल्या कापसाइतका व्होल्टेज दिला आणि निघालेली लहर कॉम्प्युटरच्या स्पीकरला जोडली.

खोलीभर किंकाळी घुमली.

लसूण सोलणारे हात थांबले.

"बंद कर," कांताबाई म्हणाली. "हाच आवाज होता."

ममताने आवाज बंद केला, पण वळली नाही. "माय, यात जो बिघाड होऊ शकतो, त्यानं हे हळूच बोलते. ओल्याला कोरडं म्हणेल एखाद वेळी. कोरड्याला ओलं म्हणणं याला जमत नाही."

"मंग ते बिघडलंच नव्हतं."

"मग?"

"मंग काय? कापसावर पाणी मारलतं मी." कांताबाईने पुढची पाकळी उचलली. "आदल्या सांजीले. मी काय एकटी मारतो? कोरडा नेला तरी तो ओला म्हनते अन्‌ घट कापते. त्याची घट पाण्यानं भरून काढली. चोराच्या घरी चोरी केली, त्यात काय लाजाचं?"

"बाबांना माहीत होतं?"

"पहिली सुई आपल्याच गाडीत घालतो म्हनून त्याइनं तरी मले सांगतलं होतं काय?" तिचा आवाज चढला, मग उतरला. "गाडीपाशी समजलं. मशीन वरडली, तं माह्याकडं पाह्यलं एकडाव. मंग म्हनलं, बिघडली."

ममताने पट्टी डब्यात बसवली. स्वतःच्या हाताने बांधलेल्या एवढ्याशा गोष्टीबद्दलही बाबा कधी खोटे बोलले नव्हते. बोलले ते एकदाच. आता डबा खरा ठरवायचा म्हणजे ते खोटे उघडे पाडायचे, आणि ते कोणासाठी होते, तेही. तिने झाकण लावले आणि स्क्रू आवळू लागली.

"राहू दे मग," ती म्हणाली. "नाही नेत."

"काहून नाई नेत?" कांताबाईने सूप बाजूला सारले. "मी म्हनलं होतं काय त्याइले, माह्यासाठी खोटं बोला म्हनून? ते बोलले अन्‌ लोकाइचे हासे घेऊन गेले. उद्या बाजार हाये. चाल."

नेरच्या बाजारात गाड्यांची रांग लागली होती. रामलालच्या मागे सकाळपासून घेतलेल्या कापसाची गंजी त्याच्या डोक्याच्या वर गेली होती. दोघींना पाहून त्याने हात जोडले, मग डबा दिसला.

"अहो कांताबाई, बिघडलेला माल कशाला आणला? दुःखाचं घर आहे तुमचं. घरी बसायचं."

"बिघडला नव्हता, शेठ. माहा कापूस ओला होता. म्याच पाणी मारलतं."

रांगेत हसू फुटले. दोघे-तिघे मधेच थांबले.

"तुमचा दात बरोबर होता त्या दिवशी," ती म्हणाली. "आता आजचा पाहू. सकाळपासून सगळ्याइचा ओला म्हनून घेतला ना तुम्ही? मंग ही गंजी वरडली पायजे."

"गंजी माझी आहे."

"सुई काय कापूस खाते काय?" रांगेतून कोणी तरी म्हणाले. "घालू द्या ना शेठ!"

रामलाल बोलायच्या आत ममताने सुया खुपसल्या. कळ दाबली.

टक्‌.

सगळे वाट पाहत राहिले.

टक्‌.

"आनखी आत घाल," कांताबाई म्हणाली. ममता गुडघ्यावर बसली, मनगटापर्यंत हात आत सारला. टक्‌. दुसऱ्या बाजूने घातला. बैलांच्या घंटा वाजत होत्या, त्यातूनही मधले अंतर सगळ्यांना ऐकू येत होते.

रामलालने तोंडातली सरकी थुंकली. लोक रांग सोडून गंजीभोवती जमू लागले.

रांगेतला प्रेमसिंग तेवढा जागचा हलला नाही. पुढचा नंबर त्याच्या गाडीचा होता. तो पाठमोरा झाला आणि कापसावरून सरकलेली ताडपत्री हळूच पुढे ओढू लागला.

कांताबाई त्याच्याजवळ गेली. तिने ताडपत्रीचे टोक त्याच्या हातातून सोडवून घेतले.

"राहू द्या भाऊ," ती म्हणाली. "उघडाच राहू द्या. ऊन लागू द्या."