कोकराची आंघोळ

मी मेंढी बोलतेय. हो, तीच, पोटच्या पोराला ढुशी मारणारी! गोठ्यात येणाऱ्या-जाणाऱ्याला बाई माझी ओळख अशीच करून देते. आता जरा माझंही ऐका.

याच गोठ्यात, याच बाईच्या हातांवर माझा जन्म झाला. माझ्या आधीच्या दोन्ही बाळंतपणांत ती पेंढ्यात फतकल मारून बसली होती. कोकराच्या नाकातोंडातला चिकटा पुसायचा, ते माझ्या तोंडाशी ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. "चाट गं राणी," एवढंच म्हणायची. माझा तिच्यावर डोळे मिटून विश्वास होता.

तिसऱ्या खेपेला तिची नणंद पाहुणी आली होती. सकाळी मी व्याले. कोकरावरून जेमतेम एकदा जीभ फिरवली असेल, तोच नणंद म्हणाली, "अय्या, किती गोड! पण वहिनी, केवढं बरबटलंय हो! मला मांडीवर घ्यायचंय."

"थांबा वन्सं, पटकन धुवून देते."

बाईला ठाऊक नव्हतं होय? अर्धं आयुष्य गेलं तिचं मेंढरांत! पाहुणीपुढे अक्कल कुठे चरायला गेली, कोण जाणे.

कोमट पाणी, अंगाचा साबण, टॉवेल, सगळं झालं. मग तासाभराने फुलांच्या वासाचं एक गोंडस कोकरू माझ्यापुढे उभं केलं. आम्ही लेकरू ओळखतो ते नाकानं. हे माझं नव्हतंच! ते कासेशी आलं, मी ढुशी दिली. पुन्हा आलं, पुन्हा दिली. आणि माझं कुठे गेलं म्हणून दिवसभर ओरडत हिंडले.

"कसली आई गं तू!" बाई माझ्यावरच डाफरली. पोराला तिने बाटली लावली.

आठवड्याने साबणाचा वास उडाला. एका दुपारी ते माझ्याजवळून गेलं आणि त्याचा खरा वास माझ्या नाकात शिरला. अगं बाई, हे तर माझंच! मी हाक मारली. ते घाबरून मागे सरलं आणि बाईच्या पायांत शिरलं.

मी पुन्हा गाभण राहीन, बाई. तेव्हा पहिला तासभर लेकरू माझ्याकडे राहू दे. मग घ्या मांडीवर, हवं तेवढं नाचवा.

हे मात्र गेलंच. भूक लागली की ते तुझ्याकडे बघून ओरडतं. मी दोन हात अंतरावर उभी असते, कास आटलेली. आणि तू पाहुण्यांना सांगतेस, "बघा, हिला काही पडलीय का पोराची!"