नववा अंक

मित्रांनो, पैज लावते, माझ्या गोष्टीवर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. मी एक जुनी संख्या आहे: ७३९३९१३३. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या काळ्या दारावर खडूने लिहिलेली. एकापासून मोजत माझ्यापर्यंत यायचं म्हटलंत, तर जेवणखाण, झोप सोडूनही दोन वर्षं सहज उलटतील. ती मागे बसलेली पोरगी, चिमणी, मध्येच तोंड घालेल. तिच्याकडे लक्ष देऊ नका.

चिमणीचे आजोबा गणिताचे मास्तर. त्यांनीच मला या दारावर आणलं. मी मूळ संख्या. एक आणि मी स्वतः सोडून कुणाचाच मला पूर्ण भाग जात नाही. त्यात काय मोठंसं, म्हणाल. पण आजोबा अंगठ्याने माझा शेवटचा अंक पुसायचे, तर उरलेली मीही मूळच! आणखी एक पुसला, तरी तेच. असं पार सातापर्यंत. अशा संख्यांत माझ्याहून मोठी कुणी नाही.

"आणि पुढे एक अंक वाढवला तर?" चिमणीने विचारलं होतं.

"लावून बघ की. शून्यापासून नवापर्यंत कुठलाही लाव, मोडतेच. हिचा रस्ता इथे संपतो, बाई."

रोज सकाळी चहा झाला की आजोबा मला पुसून नव्याने लिहायचे. एके दिवशी शेवटचा तीन लिहायचाच राहिला.

"आई, ही चूक नाहीये," चिमणी घाईने म्हणाली. "अजून मूळच आहे."

"आकडा असेल गं मूळ. पण गॅस चालू ठेवून फिरायला गेले, त्याचं काय?"

मी मोडत नाही तोवर आजोबाही मोडणार नाहीत, असं चिमणीने मनाशी धरलं. माझे अंक मात्र गळत राहिले. पाच उरले तेव्हा आजोबा तिला ताई म्हणू लागले. त्यांची थोरली बहीण कधीच गेलेली. मग चिमणी ताई झाली, त्यांना दटावून दूध पाजू लागली. दोन उरले तेव्हा त्यांनी सुनेला अदबीने विचारलं, "बाई, आपण कुणाकडच्या?"

"तुमच्याच, बाबा," ती हसून म्हणाली आणि नळ सोडून भांडी घासत बसली. भांडी आधीच घासून झाली होती.

शेवटी नुसता सात. थरथरता, पण मूळच.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचे अंक गळू लागले, तर हसू नका. जेवढं उरतं, तेवढंही पुरतं माणूस असतं.

मग पुढे? पुढे काय, एका सकाळी आजोबा खडखडीत बरे होऊन उठले! चिमणीला चिमणी म्हणाले, सुनेकडे चहा मागितला, मला झरझर आठही अंकांत लिहिलं आणि वर नववा अंक जोडला. तरीही मी मोडले नाही, मित्रांनो, अगदी...

"खोटं!" चिमणी उठून उभी राहिली. "नववा अंक लागतच नाही. आजोबांनीच सांगितलंय मला."