तपासनिसाच्या हाताने

गोदामबाबू पावडर विकून खातो, असं निनावी पत्र मदतसंस्थेच्या परदेशातल्या मुख्यालयात पोचलं आणि आठवड्याभरात तपासनीस दारात हजर. छावणीच्या पाण्यात घालायच्या ब्लीचिंग पावडरचं पिंप वीस दिवस पुरायला हवं. इथे दहाव्या दिवशीच तळ दिसे. उरलेली अर्धी गेली कुठे?

"टाकीत," गोदामबाबू म्हणाला.

"टाकीला बोलता येत नाही, हे तुमचं नशीब," तपासनीस हसला. "दुसरं काही सुचत नसेल, तर उद्यापासून येऊ नका."

पाणी तपासणारी मुलगी दारातच उभी होती. गोदामबाबू तिचा सख्खा मामा. चार महिन्यांपूर्वी तपासनळीतलं पाणी गुलाबी होईना, म्हणजे क्लोरीन कमी पडतंय, हे तिनंच ओळखलं होतं. "मामा, दुप्पट टाक," असं तिनंच सांगितलं होतं. "आधी पाणी, मग कागद," म्हणत मामानं टाकलीही. तो कागद, म्हणजे दुप्पट मात्रेची लेखी नोंद, तिच्याकडून राहूनच गेला. चूक तिची, आळ मामावर.

"दुप्पट टाकायला मी सांगितलं," ती म्हणाली. "पावडरच निम्म्या ताकदीची येते."

"वा! मामाला भाचीची साक्ष. घरचंच कोर्ट!"

"बरोबर आहे. माझा शब्द धरूच नका. पिंप तुम्ही निवडा, सील तुम्ही फोडा, तपासणीही तुम्हीच करा. मी हात मागे बांधून उभी राहते."

तपासनिसानं मुद्दाम सगळ्यात खालचं पिंप मागितलं. माल परवाच उतरला होता, म्हणजे इथे पडून ताकद गेली असं म्हणायला जागा नव्हती. "साहेबांना वरचं गोड लागत नाही," पुटपुटत मामानं चार पिंपं बाजूला केली.

तिनं सांगितलं तसं तपासनिसानं पावडर तोलली, पाण्यात कालवली, दोन द्रावणं ओतली. काचपात्रात गडद निळा रंग उतरला.

"आता या नळीतलं रंग घालवणारं द्रावण थेंब थेंब सोडा. पावडर जितकी ताकदीची, तितकं ते जास्त लागतं. लेबल खरं असेल, तर हा रंग जायला वीस मिलिलीटर लागतील."

रंग दहाच्या आतच गेला. पाणी स्वच्छ.

"माझ्या हातून जास्त तर नाही पडलं?"

"जास्त पडलं असतं तर आकडा वाढला असता, साहेब."

त्यानं दुसरं पिंप फोडलं. मग तिसरं. तिन्ही वेळा तेच. मग त्यानं खरेदीचं बिल उलगडलं: भाव पूर्ण ताकदीच्या मालाचा, सही मुख्यालयातल्या खरेदी अधिकाऱ्याची. त्यानं त्या सहीवर बोट ठेवलं.

"म्हणजे माल इथे पोचण्याआधीच..."

"ते आता तिकडे विचारा," ती म्हणाली आणि राहिलेला कागद लिहायला बसली, चार महिने उशीर झाला हेही त्यात नोंदवून.

तिन्ही नमुने बॅगेत घालून तपासनीस निघाला. दारात मामा वही उघडून उभा होता.

"सही, साहेब. इथून चिमूटभर पावडरही सहीशिवाय जात नाही."

तपासनिसानं सही केली.

"आणि उद्या मी किती वाजता यायचं, तेही लिहा."

"नेहमीच्याच वेळेला," तपासनीस म्हणाला आणि तसंच लिहिलं.