काढून ठेवलेला कान

मी कानाचं मशीन बोलतोय. खरं तर बोलणं हे माझं कामच नव्हे. जन्मभर दुसऱ्याचं बोलणं मोठं करून पोचवलं. पण एक बोलणं माझ्यापाशीच राहून गेलंय. ज्याचं त्याला देता आलं नाही, म्हणून आज तोंड उघडतो.

माझे मालक कापडाच्या गिरणीत मागावर होते. मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान नेले आणि त्याच खडखडाटाच्या ठेक्यावर त्यांना देवाच्या कविता सुचू लागल्या. गिरणीत सगळे त्यांना ‘महाकवी’ म्हणत. निम्मे चेष्टेनं, आणि उरलेले निम्मेही चेष्टेनंच. घरी मात्र एक खरी श्रोती होती, त्यांची बायको. कविता ऐकून ती म्हणायची, “देवाला कळली असेल हो. आता मला समजावून सांगा.”

तिनं नवस बोलला होता, यांना ऐकू येईपर्यंत गोडाला शिवणार नाही. पुढे लेक शिवणाच्या दुकानात कामाला लागली आणि तिनं मला घरी आणलं. मला कानामागे बसवलं तसे मालक दचकले. नळाची धार, जिन्यावरच्या चपला, शेजारणीचा खोकला, सगळं एकदम अंगावर आलं. बायको समोर उभी राहून अगदी हळू म्हणाली, “येतंय का ऐकू?”

“अगं, तुझा आवाज म्हातारा झाला की!”

ती हसली. डबा उघडून चिमूटभर साखर जिभेवर टाकली, आणि मग तोंड फिरवून डोळे पुसले.

मला वाटलं, पांग फिटले. पण मालकांना मी अर्धाच मानवलो. बहिरेपणातल्या शांततेलाच ते देवाचा सहवास समजत आले होते, आणि ती शांतता मी मोडली होती. “देव कुजबुजतो,” ते म्हणत, “त्यात हे नळबिळ कशाला?” म्हणून रोज सकाळी प्रार्थनेला बसताना ते मला काढून बायकोच्या उशाशी ठेवत. “हे सांभाळ. मी जरा त्याच्याशी बोलून येतो.” मग आतल्या खोलीला कडी लागे.

उशाशी अशासाठी, की तोवर तिनं अंथरूण धरलं होतं. काळीज थकलं होतं तिचं.

त्या दिवसांत मालक एका कवितेपाशी अडले होते. तीन ओळी झाल्या होत्या:

दार तुझे वाजवून बोटे माझी झिजली,
वाट तुझी पाहताना वात सारी विझली,
बोलत नाहीस देवा, आहेस तरी कुठे?

चौथी काही केल्या येईना. ते बाहेर आले की ती पडल्या पडल्या विचारी, “आला का पाहुणा?”

“नाही गं.”

“आतून कडी लावून बसल्यावर यायचा कसा बिचारा?”

एका सकाळी लेक कामावर गेली, आतली कडी लागली, आणि थोड्या वेळानं बायको अंथरुणात एकदम उठून बसली. चेहरा असा उजळला होता, की मला वाटलं दुखणं पळालं.

“अहो! अहो, ऐकलंत का? सुचली!”

दार हललं नाही. तिनं पुन्हा हाक मारली, या खेपेला आवाजापेक्षा धापच जास्त होती. मग तिची नजर माझ्यावर गेली. तिनं मला उचललं, ओठांपाशी नेलं, आणि नवऱ्याच्या कानात सांगावं तशी चौथी ओळ माझ्यात सांगितली. सांगून झाल्यावर मूठ मिटली. मुठीत कोंडलं की मी शिट्टी घालतो. तशी घातली, जीव तोडून घातली. पण ती ऐकायची, तर मीच कानात असायला हवा होतो.

मालक प्रसन्न चेहऱ्यानं बाहेर आले तेव्हा मूठ गार पडली होती. तिचं एकेक बोट सोडवून त्यांनी मला बाहेर काढलं.

डॉक्टर म्हणाले, “तुम्ही जवळ असतात तरी काही करता आलं नसतं.”

“करता आलं नसतं,” मालक म्हणाले, “बसता आलं असतं.”

त्यानंतर कविता थांबल्या. लेकीला ते म्हणाले, “पोरी, भक्त म्हणवून घेतलं आणि नवरा व्हायचं राहून गेलं.” मला तळहातावर घेऊन विचारत, “काय म्हणाली रे ती? तुझ्यापाशी काहीतरी म्हणाली. उगीच कुणी मशीन मुठीत धरत नाही.” मला ओळ पाठ होती, पण तोंड नव्हतं. देवाशीही ते भांडले. “माझे कान नेलेस ते नेलेस. तिची हाकही तूच ठेवून घेतलीस?” उत्तर आलं नाही. पूर्वी त्या शांततेत त्यांना देव भेटे. आता ती नुसती शांतता होती.

तरी ते रोज बसत. मला कानात ठेवून, दार सताड उघडं टाकून.

एकदा डोळे मिटले होते तोच जिन्यातून शेजारणीची हाक आली, “कुणी आहे का हो? पिशवी फाटली माझी!” मालक तसेच उठले. खाली जाऊन पायरीपायरीवर घरंगळलेले कांदे गोळा केले. लेक म्हणाली, “बाबा, प्रार्थना अर्धी टाकलीत? देव खोळंबला ना तिकडे!”

“खोळंबू दे. त्याला सवय आहे.”

पुढे तो नेमच झाला. कुणाचं लेकरू रडो, कुणाचा नळ फुटो, हाक आली की हे उठलेच. रोजची प्रार्थना अर्धी राहायची. कविताही तशीच अर्धी राहिली. शेवटच्या दुखण्यात ते लेकीला म्हणाले, “एक ओळ राहिली बघ माझी,” आणि त्याच हुरहुरीत गेले.

आता मी कपाटाच्या खणात आहे. सेल संपलाय. लेकीनं त्या तीन ओळी भिंतीवर लावल्यात, आणि खाली एका ओळीची जागा मोकळी सोडलीय.

तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलात, तर एवढं करा. तिला सांगा, जागा मोकळी नाही. तुझ्या आईनं ती ओळ सांगितली होती, आणि बाबांनी न ऐकताच ती जिने उतरून उतरून लिहिली. ती अशी:

जिथे कुणी हाकेसाठी हातचे टाकून उठे.